आपला कारभार कोण पाहतो?
(अ‍ॅमस्टरडॅमच्या स्टाड्सडेलची गोष्ट)



सुरुवातीलाच एक कबुली देतो. मार्च २०२२ मध्ये आमच्या घरी पोस्टाने एक पाकीट आले. त्या आठवड्यात मुलांच्या शाळेची, विमा कंपनीची, बँकेची अशी बरीच पत्रे साचली होती, आणि सगळी डचमध्ये. रविवारी आवराआवर करताना त्यातली निम्मी आम्ही न उघडताच जुन्या कागदांच्या डब्यात टाकली. त्यात हे पाकीटही गेले.

१६ मार्चच्या संध्याकाळी जिन्यात शेजारच्या डच आजी भेटल्या. त्या १९६० च्या दशकापासून बुइटनवेल्डर्टमध्ये राहतात. "मत देऊन आलात का?" असे त्यांनी विचारले. आम्ही अगदी आत्मविश्वासाने सांगितले, "आजी, आमचा पासपोर्ट भारतीय. आम्हाला इथे कसले मत?" त्यावर त्यांनी विचारले, "इथे येऊन किती वर्षे झाली?" आम्ही सांगितले, पाच उलटून गेली. आजी काही बोलल्या नाहीत, नुसत्या आमच्याकडे पाहत राहिल्या. मग आमच्या डोक्यात प्रकाश पडला की ते पाकीट म्हणजे मतदानाचा पास होता! डबा तर केव्हाच रस्त्यावरच्या कंटेनरमध्ये रिकामा झाला होता, आणि बदली पास मागायची मुदतही उलटली होती. आमचे या देशातले पहिले मत असे रद्दीत गेले.

त्यानंतर मात्र आम्ही या विषयाच्या मागे लागलो. आमची पीएचडी रसायनशास्त्रातली, राजकारणाशी तिचा संबंध नाही. पण एकदा प्रयोग फसला की तो का फसला हे शोधायची खोड काही जात नाही. वाचता वाचता लक्षात आले की ज्या 'स्टाड्सडेल'च्या कचेरीत आपण जन्मदाखल्यासाठी आणि पत्ता बदलण्यासाठी रांगा लावतो, त्याच्यामागे चाळीस वर्षांहून जुनी आणि बरीच चढउतारांची कहाणी आहे. तीच आज सांगायची आहे.

एका रस्त्याने पडलेला फरक

आपल्यातले निम्मे लोक अ‍ॅमस्टरडॅम झुइडमध्ये आणि निम्मे अ‍ॅमस्टेलवीनमध्ये राहतात. मधे कालफ्येसलान नावाचा रस्ता आहे. रस्त्याच्या उत्तरेला अ‍ॅमस्टरडॅम, दक्षिणेला अ‍ॅमस्टेलवीन. आपल्याला काही फरक जाणवत नाही. दोन्हीकडे तीच झाडे, त्याच सायकली. कारभारात मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. अ‍ॅमस्टेलवीनची वस्ती लाखाच्या आत, पण ते स्वतंत्र गाव आहे आणि त्याची ३७ सभासदांची स्वतःची पालिका आहे. अलीकडच्या झुइड भागाची वस्ती दीड लाखाच्या घरात, पण त्याला स्वतःची पालिका नाही. आहे ती फक्त सल्ला देणारी समिती.

हा फरक कुठून आला? एके काळी हा सगळा मुलूख न्यूवर-अ‍ॅमस्टेल नावाच्या गावाचा होता. १८८८ साली कॉन्सर्टखेबाउ हे प्रसिद्ध संगीतगृह उघडले तेव्हा तेसुद्धा अ‍ॅमस्टरडॅममध्ये नव्हते, या शेजारगावच्या हद्दीत होते. पुढे शहर फुगत गेले आणि १८९६ साली अ‍ॅमस्टरडॅमने या गावाचा उत्तरेकडचा, म्हणजे सगळ्यात पैसेवाला तुकडा गिळला. गंमत म्हणजे त्या गावाने अ‍ॅमस्टेल नदीकाठी नुकतीच नवी कचेरी बांधली होती. तीही शहराकडे गेली आणि पुढे कित्येक वर्षे तिथे अ‍ॅमस्टरडॅमचे दप्तरखाने होते. १९२१ साली आणखी एक घास घेतला गेला आणि हद्द कालफ्येसलानपर्यंत आली. उरलेल्या गावाने १९६४ साली अ‍ॅमस्टेलवीन हे नाव घेतले. अलीकडच्या बाजूला गायी चरत होत्या, तिथे १९६० च्या सुमारास बुइटनवेल्डर्ट उभे राहिले. आमच्या आजी त्याच वेळच्या.

म्हणजे कोणाला पूर्ण पालिका मिळावी आणि कोणाला नुसती समिती, हे शंभर वर्षांपूर्वी ओढलेल्या एका रेघेने ठरले.

मोडतोडीतून जन्मलेली पंचायत

स्टाड्सडेल म्हणजे शहराचा एक भाग, आणि त्याची निवडून आलेली सभा म्हणजे डेलराड. ही कल्पना पुढे येण्याचे कारण १९७० च्या दशकात आहे. तेव्हा शहराचा सगळा कारभार मध्यवर्ती पालिकेतून चाले. तिथल्या तज्ज्ञांनी मेट्रोसाठी न्यूमार्क्ट भागातली जुनी घरे पाडायचे ठरवले. रहिवाशांना विचारले कोणी? १९७५ साली त्या गल्ल्यांमध्ये पोलीस आणि रहिवासी यांच्यात दंगली झाल्या. मेट्रो झाली, पण लोकांचा पालिकेवरचा विश्वास उडाला. एवढ्या मोठ्या शहरात गल्लीतल्या माणसाचा आवाज वरपर्यंत पोचत नाही, हे सगळ्याच पक्षांना मान्य करावे लागले.

म्हणून १९८१ साली नोर्ड आणि ओस्डॉर्प या दोन भागांत प्रयोग म्हणून डेलराड सुरू झाल्या. प्रयोग बरा चालला, आणि १९९० पर्यंत जुने मध्य शहर सोडून बाकी अ‍ॅमस्टरडॅमचे १६ भाग झाले. प्रत्येकाला निवडून दिलेली सभा, त्या सभेने नेमलेले छोटे कार्यकारी मंडळ आणि त्याचा एक अध्यक्ष. कचरा, रस्ते, बागा, खेळाची मैदाने, बांधकामाचे परवाने अशी रोजची कामे त्यांच्याकडे आली. आपल्याकडच्या झेडपीची आठवण यावी असाच हा थाट होता. आजी सांगतात, "आमच्या डेलराडचा सभासद बाजारात भेटायचा. दिवा बंद आहे म्हटले की त्याला तोंड चुकवता येत नसे."

तेव्हा आपल्या भागात चार वेगवेगळे स्टाड्सडेल होते: झुइड, डे पैप, रिव्हिएरनबुर्ट आणि बुइटनवेल्डर्ट. १९९८ साली पहिल्या दोघांचे मिळून आउड-झुइड झाले आणि दुसऱ्या दोघांचे झुइडरअ‍ॅमस्टेल. २००२ साली मध्य शहरालाही स्वतःची डेलराड मिळाली आणि एकूण संख्या १४ झाली.

नव्वद टक्के 'नाही'

मधल्या काळात एक मोठे नाट्य घडले. सरकारच्या मनात आले की अ‍ॅमस्टरडॅम आणि आसपासची गावे मिळून एक 'शहर-प्रांत' करावा आणि खुद्द अ‍ॅमस्टरडॅमची पालिका मोडून तिच्या जागी वेगवेगळ्या छोट्या पालिका कराव्यात. कागदावर योजना नीटनेटकी होती. १७ मे १९९५ रोजी शहराने सार्वमत घेतले आणि नव्वद टक्क्यांहून अधिक मतदारांनी 'नाही' असे सांगितले. योजना बारगळली.

याचा अर्थ आम्ही असा लावतो: लोकांना गल्लीतला कारभार जवळ हवा होता, पण 'आम्ही अ‍ॅमस्टरडॅमचे' हे नाते तोडून नको होते. घर एकच असावे, पण स्वयंपाकघरात आपलाही शब्द चालावा, एवढीच अपेक्षा. एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

झुइडास: अंगण आपले, चावी दुसऱ्याकडे

आता आपल्या झुइडासकडे येऊ. इथे रेल्वे आली १९७८ साली, वर्ल्ड ट्रेड सेंटर १९८५ साली. बाकी बरीचशी जागा खेळाच्या मैदानांची होती. १९९० च्या दशकात एबीएन आम्रो बँकेने मुख्य कचेरीसाठी ही जागा निवडली. खरे तर शहराच्या मनात मोठ्या कंपन्यांनी आयच्या काठी जावे असे होते. बँकेने विमानतळाजवळची बाजू पसंत केली आणि शहराला आपला बेत बदलावा लागला. १९९८ साली झुइडासचा मोठा आराखडा आला, १९९९ साली बँकेची इमारत उभी राहिली आणि मग काचेच्या मनोऱ्यांची रांगच लागली. आपल्यापैकी कितीतरी जण त्याच मनोऱ्यांत नोकरीला आहेत.

नकाशावर ही जागा बहुतेक झुइडरअ‍ॅमस्टेलच्या हद्दीत होती. पण 'सबंध शहराच्या महत्त्वाचा प्रकल्प' म्हणून तिचे मोठे निर्णय मध्यवर्ती पालिकेने आपल्याकडे ठेवले. म्हणजे डेलराडने बुइटनवेल्डर्टच्या बागेतले बाक ठरवायचे आणि पलीकडच्या शंभर मीटर उंच इमारती वरून ठरणार. जिथे पैसा मोठा तिथे अधिकार वर जातो, हा नियम आपल्याला गावाकडूनही माहीत आहे.

तिथे कोण बसत होते?

पालिकेच्या राजकारणात दुसऱ्या महायुद्धानंतर बहुतेक काळ मजूर पक्षाचा, म्हणजे पेव्हेडेआचा वरचष्मा होता. ४५ जागांच्या सभेत २०१४ साली डे-सेसएनसेस्टिख हा उदारमतवादी पक्ष १४ जागा घेऊन पहिला आला, २०१८ साली हरितवादी खृनलिंक्स १० जागा घेऊन, आणि २०२२ साली पुन्हा मजूर पक्ष, पण अवघ्या ९ जागांवर. पूर्वी एक मोठा भाऊ होता, आता सगळेच मधले भाऊ आहेत.

पण आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. बाहेरून आलेल्या माणसांना या छोट्या सभांनी पहिले दार उघडून दिले. झुइडओस्टच्या बाइलमर वस्तीत सुरिनामी, अँटिलियन आणि आफ्रिकी कुटुंबे मोठ्या संख्येने होती, पण वस्तीच्या पुनर्बांधणीचे निर्णय गोरे अधिकारीच घेत. १९९० च्या दशकात तिथल्या कृष्णवर्णीय प्रतिनिधींनी पक्षभेद बाजूला ठेवून एकत्र येऊन जाब विचारला. १९९८ साली सुरिनामहून आलेल्या हाना बेलिओट तिथल्या अध्यक्ष झाल्या आणि पुढे शहराच्या कार्यकारी मंडळात गेल्या. २००६ साली मोरोक्कोत जन्मलेले अहमद मार्कुश स्लोटरवार्टचे अध्यक्ष झाले. २०१७ साली ते आर्नेम शहराचे महापौर झाले.

आपल्याकडेही असेच झाले नाही का? आर. आर. पाटील सांगली जिल्हा परिषदेचे सभासद होते, विलासराव देशमुख बाभळगावचे सरपंच होते. वरच्या मजल्यावर जाणारा जिना खालच्या सभेतच असतो.

चढ आणि उतार

२०१० साली १४ भागांचे ७ झाले. आउड-झुइड आणि झुइडरअ‍ॅमस्टेल मिळून आजचे झुइड तयार झाले. कारभार सुटसुटीत झाला, पण सभासद बाजारात भेटण्याचे दिवस संपले.

मग मोठा घाव आला. देशात सभा फार झाल्या, राजकारणी फार झाले, खर्च फार झाला अशी ओरड हेगमध्ये सुरू होती. रुटे यांच्या सरकारच्या काळात कायदा झाला आणि २०१४ च्या मार्चमधल्या निवडणुकीपासून अ‍ॅमस्टरडॅम आणि रॉटरडॅम इथल्या या छोट्या पालिका कायद्यानेच बंद झाल्या. अ‍ॅमस्टरडॅमने पळवाट काढली: डेलराडऐवजी 'कारभार समिती' निवडायची, अधिकार मात्र शहराकडून उसने. २०१८ साली तेही गेले. तेव्हापासून लोक निवडतात ती सल्लागार समिती, आणि स्टाड्सडेलचा रोजचा कारभार पाहणारे तिघे जण शहराचे कार्यकारी मंडळ नेमते. बुइटनवेल्डर्ट आणि झुइडास मिळून या समितीत एक स्वतंत्र विभाग आहे, एवढे त्यातल्या त्यात बरे.

आमच्या रसायनशास्त्रात काही अभिक्रिया दोन्ही दिशांना चालतात. समीकरणात बाण दोन्हीकडे काढावे लागतात. सत्तेच्या वाटपाचे तसेच दिसते. परिस्थिती बदलली की ती खाली येते, पुन्हा बदलली की वर जाते.

आणि आपली झेडपी?

इथे कोणी म्हणेल की आपल्याकडे बरे आहे, पंचायत राज घटनेतच आहे. खरे आहे. इंग्रजांच्या काळात जिल्हा लोकल बोर्डे होती. १९५७ सालच्या बलवंतराय मेहता समितीनंतर महाराष्ट्रात वसंतराव नाईकांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, १९६१ साली कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. तेव्हा यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री होते. नाईक समितीने आमदार-खासदारांना जिल्हा परिषदेबाहेर ठेवायला सांगितले, कारण मोठ्या झाडाखाली रोप वाढत नाही. आपल्यातले कितीतरी जण ज्या शाळेत बाराखडी शिकले ती शाळा या परिषदेचीच.

पुढे निवडणुका वर्षानुवर्षे लांबवायची खोड लागली, म्हणून ७३ वी घटनादुरुस्ती झाली. २४ एप्रिल १९९३ पासून पाच वर्षांची मुदत, स्वतंत्र निवडणूक आयोग आणि स्त्रियांना एक तृतीयांश जागा हे सगळे घटनेत गेले. २०११ साली महाराष्ट्राने स्त्रियांचा वाटा निम्मा केला. एवढे भक्कम कुंपण असूनही २०२२ साली मुदत संपली तेव्हा आरक्षण आणि गट-रचनेच्या वादात निवडणुका अडकल्या आणि बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घ्या असा आदेश द्यावा लागला. तोवर तीन वर्षे सभागृहे रिकामीच होती.

इथे घटनेचे कुंपण नव्हते, म्हणून सभा कायद्याने गेली. तिथे कुंपण होते, तरी खुर्च्या रिकाम्या राहिल्या. आम्हाला यात एकच गोष्ट दिसते: वरून दिलेला अधिकार वरून काढून घेता येतो, आणि काढून घेताना खालून आवाज आला नाही तर फारच सोपे जाते. १९९५ साली अ‍ॅमस्टरडॅमकरांनी आवाज दिला, योजना मागे गेली. २०१४ साली तेवढा आवाज उठला नाही.

आपल्या हातात काय आहे?

आता जरा आपला हिशोब मांडू. ज्यांचा पासपोर्ट भारतीय आहे त्यांना इथल्या संसदेसाठी मत नाही, प्रांताच्या सभेसाठी नाही, युरोपीय संसदेसाठीही नाही. पाण्याचा कारभार पाहणाऱ्या वॉटरशापचे नियम वेगळे आहेत, त्यावर पुन्हा केव्हातरी लिहू. भारतात परदेशस्थ मतदार म्हणून नाव घालता येते, पण मत द्यायला स्वतः तिथल्या केंद्रावर हजर राहावे लागते. लोकसभेसाठी रजा काढून विमानाने कोण जातो?

मग उरते काय? शहराची पालिका आणि आपल्या भागाची समिती. १९८३ साली डच घटना बदलली, १९८५ साली कायदा झाला आणि १९८६ सालापासून परदेशी नागरिकांना पालिकेसाठी मत मिळाले. युरोपीय संघाबाहेरच्यांना सलग पाच वर्षे कायदेशीर वास्तव्याची अट आहे. ती पुरी झाली की मतही देता येते आणि उभेही राहता येते. हा हक्क आपल्याला कोणी मेहेरबानी म्हणून दिलेला नाही. साठ-सत्तरच्या दशकात इथे कामाला आलेल्या तुर्की आणि मोरोक्कन मजुरांच्या, सुरिनामी कुटुंबांच्या प्रश्नांतून तो मिळाला आहे. आपण नंतर आलो, शिक्षण आणि नोकरी घेऊन आलो, आणि त्यांनी मिळवलेले पाकीट रद्दीत टाकले. हे आम्ही स्वतःबद्दलच लिहीत आहोत.

कोणी विचारेल, नुसत्या सल्लागार समितीला मत देऊन काय होणार? प्रश्न रास्त आहे. पण त्याच दिवशी शहराच्या पालिकेचीही निवडणूक असते आणि तिथे खरे अधिकार आहेत. शाळा, मुलांची मैदाने, उत्सवाला लागणारी सभागृहे, अशा बऱ्याच गोष्टींबद्दल तिथे ठरते. शिवाय जी समिती कोणी वापरत नाही ती बंद करणे सर्वांत सोपे असते.

म्हणून चार गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, पाच वर्षे कधी पुरी होतात ती तारीख काढून ठेवा. दुसरी, निवडणुकीच्या आधी येणारे पाकीट उघडा आणि सांभाळा. हरवलेच तर मुदतीत पालिकेकडे बदली पास मागा. तिसरी, जाताना पास आणि ओळखपत्र दोन्ही न्या. तिथे चादरीएवढी मतपत्रिका आणि लाल पेन्सिल मिळेल. एकाच नावापुढचा गोल रंगवायचा. चौथी, अ‍ॅमस्टेलवीनकरांनो, तुम्हाला स्टाड्सडेल नाही, पण पूर्ण पालिका आहे. तुमच्या मताचे वजन आमच्यापेक्षा जास्तच आहे.

डच नीट येत नाही म्हणून कोणी मागे राहू नये. कोणता पक्ष काय म्हणतो हे एकत्र बसून वाचायचे असेल तर मंडळाचे आम्ही स्वयंसेवक हजर आहोत. कोणाला मत द्यायचे हे मात्र आम्ही सांगणार नाही, आणि मंडळानेही सांगू नये.

आमच्या घरी आता टपालासाठी एक वेगळी टोपली ठेवली आहे. न उघडलेले पाकीट रद्दीत जायचे नाही, असा नियम केला आहे. आजींना ती टोपली दाखवली. त्या म्हणाल्या, "छान. आता पुढच्या वेळी आपण बरोबरच जाऊ."